हलीमाआपाचा विसराळू कॉम्प्युटर

कनेरगाव नाक्यावर ढाब्याला खेटून हलीमाआपाचं ऑनलाइन सेंटर आहे. आपा तोंडानं फटकळ, पण गिऱ्हाइकाच्या अब्रूला जपणारी. मागं एकदा प्रेमानंद लग्नाच्या साइटवर पोरी बघून गेला आणि पान उघडंच राहिलं. पुढच्या गिऱ्हाइकानं ते वाचलं आणि चहाला उकळी फुटायच्या आत त्याच्या अपेक्षा साऱ्या नाक्याला तोंडपाठ झाल्या. त्याच दिवशी आपानं सेटिंग बदललं. ब्राउझर बंद केला की मागचं सगळं आपोआप साफ, पासवर्डसकट! "माझ्याकडची गोष्ट कुटं जात न्हाई," असं ती तेव्हापासून ठासून सांगते.

काल सोजराबाई पेन्शनचं बघायला आल्या. कॉम्प्युटरनं पासवर्ड विचारला, तशा त्या उखडल्या.

"दर बारीला नव्यानं काहून विचारून राहिलं हे? काही ओळखपाळख हाय का न्हाई?"

"मावशी, तुमच्याच भल्यासाठी इसरतं ते. सांगा."

सोजराबाईंनी इकडंतिकडं बघितलं, तोंडाशी पदर धरला आणि आपाच्या कानात कुजबुजल्या. नेमका बाहेरून एक ट्रक हॉर्न देत गेला.

"काय? जोरात बोला की! म्हशीचं नाव? चंद्री?" आपा खेकसली. "आन् पुढं काय, एक-दोन-तीन?"

"न्हाई आपा!" शेजारच्या ढाब्यातून सोनाजी आचारी रोटी उलटता उलटता ओरडला. "चंद्रीपुढं सात-आठ-नऊ! एक-दोन-तीन तर प्रेमानंदचं हाय!"