विटा ज्या वाटेने आल्या

तुळजाक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या एक प्रश्न घेऊनच. "अगो, ह्या कोळ्यांकडे इतके स्विमिंग पूल कशाला गो?"

मी चेन्नईजवळच्या कोवलम या कोळ्यांच्या गावाचा नकाशा काढत होते. काढत होते म्हणजे, चेन्नईतल्या एका कॉलेजच्या थंडगार खोलीत बसून, लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र बघत त्यावर रेघा ओढत होते. हा नकाशा कुठल्या कंपनीचा नाही. ठिकठिकाणची माणसं आपला वेळ देऊन तो काढतात, आणि ज्याला हवा त्याने तो वापरावा. बँकेने माझी नाशिकहून इथे बदली केली होती, नवरा आणि सासूबाई तिकडेच होत्या आणि रविवार अंगावर यायचा, म्हणून ऑफिसातल्या एकीबरोबर मी या मंडळींत येऊन बसले होते. घरांचे चौकोन काढता काढता किनाऱ्याजवळ बरेच निळे आयत दिसले. ते मी जलतरण तलाव म्हणून नोंदवून टाकले आणि स्वतःवर खूश झाले.

शेजारच्या खुर्चीवर मदुराईकडची सुंगडी साडी नेसलेल्या, दोन्ही नाकपुड्यांत खडे घातलेल्या सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना तमिळ समजले होते. मघाशी नवऱ्याशी फोनवर चाललेलं माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून मराठीत विचारलं. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी कानाला अशी लागायची की शब्द पणजीच्या तोंडचे आणि चाल मात्र तमिळ. माझ्या मराठीला त्या "पेपरातली मराठी" म्हणत. मी जरा तिखटपणे म्हटलं, "मग निळं आहे ते काय आहे?" त्या म्हणाल्या, "मज काय ठाऊक? पाहून येऊं, चल."

पुढच्या रविवारी आम्ही बसने कोवलमला गेलो. माझे सगळे तलाव म्हणजे जाळ्यांवर टाकलेल्या निळ्या ताडपत्र्या निघाल्या. मासळी निवडत बसलेल्या बायकांना अक्कांनी माझा पराक्रम तमिळमध्ये सविस्तर सांगितला. त्या हसून लोटपोट झाल्या आणि एकीने मला पोहायला कधी येणार म्हणून विचारलं. मला राग आला होता, पण अक्का माझी टिंगल करायला आल्याच नव्हत्या. ताडपत्री कोण विकतं, उन्हाने किती दिवसांत विरते, निळीच का, हिरवी का नाही, हे सगळं त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. परतीच्या बसमध्ये मला ताडपत्रीविषयी जेवढं कळलं तेवढं माझ्या घरातल्या कुठल्याच वस्तूविषयी माहीत नव्हतं.

अक्कांची नोकरी टेलिफोन खात्यात, तक्रारी घेण्याच्या टेबलावर गेली. दिवसभर कानात पत्ते. पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर, हिरव्या फाटकाचं घर. माणूस कधी बघायचा नाही, घर तर नाहीच. "तेवढे पत्ते ऐकले गो, पाह्यला एक नाही," त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर सगळ्यात आधी त्या पेरंबूरला एक चिंचेचं झाड बघायला गेल्या. त्या झाडाची फांदी तारेवर पडते अशी एक गृहस्थ वर्षानुवर्षं तक्रार करत असत. झाड केव्हाच पाडलेलं होतं, गृहस्थ मात्र घरात होते. त्यांनी कॉफी दिली आणि बोलता बोलता कबूल केलं की फांदी कधी तारेला लागलीच नव्हती, तार उंदरांनी कुरतडलेली असायची. अक्का ही गोष्ट सांगताना फार खूश दिसत. त्यानंतर भाच्याने त्यांना आमच्या नकाशाबद्दल सांगितलं आणि त्यांना गावभर फिरायला कारण मिळालं.

त्यांचा नेम एकच. स्वतः पाहिल्याशिवाय नकाशावर काही ठेवायचं नाही. आमच्यातली कॉलेजची मुलं दुपारभरात गावंच्या गावं उरकायची, तोवर अक्कांची एक गल्ली व्हायची. तीत नळ कुठे, पायऱ्या कुठे, कुठला दरवाजा फक्त सणाला उघडतो, सगळं असायचं. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "जे मज दिसना ते मी काढूं कसं?" मला त्यांच्याबरोबर फिरायची चटक लागली. नवरा फोनवर विचारायचा, आज कुठे? मी म्हणायचे, आज एक सार्वजनिक नळ बघायला चाललेय.

सेल्वी आम्हाला चेन्नईबाहेर, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांजवळ भेटली. त्या रविवारी आम्ही कंपन्यांच्या बसचे थांबे नोंदवत मोठ्या रस्त्याने चाललो होतो. एका थांब्यावर पंचविशीची एक मुलगी भाजीची पिशवी घेऊन रिक्षाची वाट बघत उभी होती. आम्ही काय करतो ते अक्कांनी सांगताच तिने फोन काढून नकाशा उघडला आणि त्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. हे माझं गाव. ठिपक्याला नाव होतं, रस्ता नव्हता. ती फोन बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. कंपनीची बस तिला आणि गावातल्या आणखी काही मुलींना मोठ्या रस्त्यावर सोडायची. दुसऱ्या पाळीहून सुटल्यावर तिथून तळ्याच्या बांधाने अंधारात चालत घरी. बांधावर दारू पीत बसणारी टोळकी होती. एका मुलीचा दुपट्टा ओढला गेला, तिच्या घरच्यांनी तिची नोकरी सोडवली. आता सेल्वीचा भाऊ हटून बसला होता की पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, बस गावात आली नाही तर हिनेही घरी बसायचं. बसच्या ठेकेदाराचं ॲप आमच्याच नकाशावर चालायचं, आणि ठेकेदाराचं म्हणणं होतं की ॲपमध्ये रस्ता नाही, तर बस जाणार कुठून?

मला वाटलं, हे तर चुटकीसरशी होईल. एक रेघ ओढायची. मी तिथल्या तिथे फोन काढला. अक्का म्हणाल्या, "पाहून येऊं, सरी?" हे सरी म्हणजे त्यांचं तमिळ 'बरं का', आणि तेवढ्यात त्या सेल्वीबरोबर रिक्षात बसल्यासुद्धा.

रस्ता होता. बांधावरचा, डांबरी, बऱ्यापैकी. पण मधे पाणी जायला बांधलेली एक मोरी होती आणि तिची एक कड पावसात ढासळून खाली गेली होती. रिक्षा तिच्यावरून कशीबशी पलीकडे गेली, पण आम्हाला उतरावं लागलं. अक्का मोरीवर इकडून तिकडे चालल्या, खाली वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या की रस्ता काढते, पण मोरीवरून बस जात नाही हेही लिहिते.

सेल्वीचा चेहरा पडला. तिचं म्हणणं सरळ होतं. ते लिहू नका. ठेकेदार स्वतः बघायला येणार नाही. एकदा बस यायला लागली की मोरी कुणीतरी दुरुस्त करेलच, बस नाही तोवर कुणी करणार नाही. मला ते शंभर टक्के पटलं. मी अक्कांना मराठीत म्हटलं की तुमच्या नेमापायी या मुलीची नोकरी जाईल, आणि एवढ्या मोठ्या नकाशात एक गोष्ट गाळली तर कुणाचं काय बिघडतं? आवाज चढला होता माझा.

अक्का चिडल्या नाहीत. त्यांनी सेल्वीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अगो, ड्रायव्हर अंधारांत फोन पाहून येणार. मोरी खचली तर बसमधें ही बसलेली असेल. तू नाहीं, मी नाहीं."

माझा राग आणखीच वाढला. आम्ही तिघी गावात शिरलो. सेल्वीच्या आईने ओट्यावर चटई टाकली, ताक दिलं. भाऊ आत होता, तो बाहेर आला नाही. समोर एक घर बांधायचं चाललं होतं. जोत्यापर्यंत आलेलं, बाजूला वाळूचा ढीग, विटांची चळत. मी भांड्यात बघत ताक पीत होते. अक्का त्या विटांकडे बघत होत्या.

"ह्या विटा कोठून आल्या?" त्यांनी सेल्वीच्या आईला विचारलं.

लॉरीने, आई म्हणाली.

"लॉरी मोरीवरून कशी आली?"

आईने हात मागे केला. मोरीवरून नाही, तिकडून. प्लॉटवाल्यांकडून. तिच्या सुरात एवढाच भाव होता की ही काय विचारण्यासारखी गोष्ट झाली. अक्कांनी भांडं खाली ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि घराच्या मागे चालू लागल्या, मातीतल्या लॉरीच्या चाकोऱ्या बघत.

चाकोऱ्या शेताच्या कडेने गेल्या आणि एका रुंद, गुळगुळीत डांबरी रस्त्याला मिळाल्या. मी बघतच राहिले. दूरवर रंगवलेले दगड, दिव्याचे खांब, 'लोटस अव्हेन्यू' अशा पाट्या, आणि घर एकही नाही. शेळ्या चरत होत्या. कुणीतरी जमीन घेऊन प्लॉट पाडले होते, लोकांनी ते घेऊन ठेवले होते. रस्ता पार पलीकडे जाऊन ओरगडमच्या मोठ्या रस्त्याला लागत होता. गावाने त्याला कधी आपला रस्ता मानलाच नव्हता. तो परक्यांचा, शिवाय उलट्या दिशेला. बाजार इकडे, देऊळ इकडे, शाळा इकडे. तिकडे जायचं कशाला? म्हणून रस्ता आहे का विचारल्यावर सगळे बांधच दाखवत. अक्का शेळीवालीला विचारत होत्या की लोटस म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे का. सेल्वी मात्र पळत पुढे गेली होती. ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. पलीकडच्या टोकाला कमान होती, आणि कमानीत फाटक. रखवालदार संध्याकाळी त्याला कुलूप लावायचा.

अक्कांनी त्या दिवशी रस्ता काढला, मोरी काढली, आणि फाटकही काढलं. संध्याकाळी बंद असतं, अशी नोंदही केली. निरोप घेताना सेल्वीने विचारलं, कुलूप असलं तर रात्रीची बस येणार कशी? बसमध्ये मी खिडकी धरून बाहेर बघत बसले.

पुढच्या आठवड्यात अक्कांनी तो नकाशा कागदावर छापून घेतला आणि मला रजा टाकायला लावून पंचायतीच्या कार्यालयात नेलं. त्यांना आता एक नवीनच कोडं पडलं होतं. रस्ता प्लॉटवाल्यांचा म्हणजे नेमका कोणाचा? तिथल्या कारकुनाने नकाशा बघितला आणि फाटकाच्या खुणेवर बोट टेकवून विचारलं, हे काय? तो म्हणाला, प्लॉटची परवानगी घेतानाच मालकाला आतले रस्ते पंचायतीला लिहून द्यावे लागतात. हा रस्ता पंचायतीचा होता. त्यावर फाटक बसवलंय हे कारकुनाला माहीतच नव्हतं, कारण तोही कधी तिकडून गेला नव्हता. अक्का बाहेर आल्या त्या लहान मुलीसारख्या हसत. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला मी रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

तरी फाटक निघायला वेळ लागला. सेल्वीने गावातल्या बायका गोळा करून अर्ज दिला, पुन्हा दिला. पावसाळा लागला. त्या पावसात अक्का तापाने आजारी पडल्या आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तर नर्सला विचारत होत्या की मागच्या बाजूचा उतार कोठे निघतो, म्हणजे चाकाची खुर्ची घेऊन येणाऱ्याला तो नकाशावर दिसायला हवा. मी म्हटलं, बऱ्या व्हा, मग बघू. त्या म्हणाल्या, "तू पाहून ये गो. मज सांग." मी गेले. उतार रक्त तपासणीच्या खोलीपाशी निघत होता. परत येऊन सांगितलं तर त्यांना झोप लागली होती. दोन दिवसांनी त्या गेल्या. इतकं साधं माणूस गेल्यावर शहर एवढं रिकामं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. कित्येक रविवार मी घराबाहेर पडले नाही.

पोंगलच्या आधी सेल्वीचा फोन आला. फाटक निघालं होतं आणि बस यायला लागली होती. अक्कांना सांगायचं म्हणून तिने आधी त्यांचा नंबर लावला, तो भाच्याने उचलला, तेव्हा तिला कळलं. मग मला म्हणाली, तुम्ही या.

आमच्या मंडळींनी ठरवलं की त्या रस्त्याला नकाशावर अक्कांचं नाव द्यायचं. प्लॉटवाल्यांच्या पाट्या एव्हाना पडल्या होत्या, पंचायतीने नाव दिलेलं नव्हतं, आणि रेघ तर अक्कांचीच होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी नाव टाइपही केलं. पण आमच्या नकाशात रस्त्याला तिथली माणसं ज्या नावाने ओळखतात तेच नाव जातं, आणि ते कुणी जाऊन विचारलेलं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि श्रीपेरुंबुदूरची बस पकडली.

कंपनीची बस गावात शिरली तेव्हा मी सेल्वीच्या ओट्यावर होते. पहिल्या पाळीच्या मुली उतरल्या. त्यांत एक नवीन होती, अजून गळ्यात ओळखपत्र नसलेली. सेल्वीने सांगितलं, ही तीच, जिची नोकरी घरच्यांनी सोडवली होती. आजपासून पुन्हा लागली. समोरच्या घराला आता छप्पर आलं होतं. दारातल्या म्हातारीला मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं, आजी, त्या मागच्या रस्त्याला काय म्हणता?

म्हातारीने माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. "बस रोड," ती म्हणाली.

सेल्वी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होती. मी अक्कांचं नाव खोडलं आणि लिहिलं, बस रोड.