खालचा सूर

कुलसुम फोनवर बोलली की पलीकडचा माणूस हमखास तिला ‘सर’ म्हणतो. हल्ली ती हसून ‘मिसेस कुलसुम’ म्हणून सांगते. लहानपणी मात्र हसू येत नसे. श्रीवर्धनच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला बजावलं होतं, “तू नुसते ओठ हलव.” तेव्हापासून ती दबक्या आवाजातच बोलायची. लग्न होऊन दुबईला आली तेव्हा यूनुसशी, नवऱ्याशीसुद्धा.

दुबईच्या करामा भागातल्या जुन्या इमारतीत एका संध्याकाळी तिने जिन्यात उभं राहून खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारली, “अर्सलान! यल्ला, चल लवकर, वर ये!” हाक जिनाभर घुमली. समोरचं दार उघडून नवी शेजारीण समिधा बाहेर आली.

“सॉरी हां,” कुलसुम घाबरून म्हणाली. “जोरात ओरडले.”

“नाही नाही. परत एकदा मारा ना हाक.”

समिधा गाणं शिकलेली होती. तिच्याकडे जुन्या अमेरिकन गाण्यांची एक कॅसेट होती. त्यात चार-पाच पोरं वाद्यांशिवाय गायची. एक जण शब्द म्हणे, बाकीचे मागून ‘शू-वॉप, डू-वॉप’ करत, आणि तळाशी एकाचा जाड आवाज ‘डुम डुम’ चालत राही. “हा आवाज मला कुठे मिळेना,” समिधा म्हणाली, “आणि तुम्ही समोर राहताय!”

मधल्या सुरासाठी वरच्या मजल्यावरून मुग्धा आली. गाणी तीच मराठीत रचायची. तालीम दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच, कारण आवाज तिथेच छान घुमायचा. ग्रुपचं नाव पडलं ‘दुसरा मजला’. गणपतीत, ईदच्या पार्टीत, कंपन्यांच्या ॲन्युअल डेला त्या गाऊ लागल्या. एका आयोजकाने सुचवलं, “कुलसुमबाई पडद्यामागे उभ्या राहिल्या तर बरं. लोक हसतील.”

“ती मधोमध उभी राहील,” समिधा म्हणाली. “हसू देत.”

लोक हसले. मग कान देऊन ऐकू लागले. मग ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडले.

त्यांची एक कॅसेट निघाली, पुढे एक सीडी. नंतर समिधा अबुधाबीला, खलिफा सिटीत राहायला गेली आणि गाणं वर्षाकाठी एखाद्या कार्यक्रमापुरतं उरलं. तिघींनी साठी ओलांडली. मुग्धाची मुलगी तनया अल क्वोजमधल्या एका गोदामात रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवते. तीच एकदा म्हणाली, “मॉम, यू थ्री शुड मेक अ रियल अल्बम.”

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. गाण्यात जिथे समिधाचा आवाज वर चढायचा, तिथे तो फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. काचेपलीकडून तनया प्रेमाने म्हणाली, “मावशी, डोन्ट वरी. आय कॅन फिक्स इट.” समिधाने हेडफोन काढून ठेवले आणि ती बाहेर जाऊन सावलीत लाकडी फळ्यांच्या ढिगावर बसली. कुलसुम मागोमाग गेली.

“खलास,” समिधा म्हणाली. “मशीनने शिवलेला आवाज माझा कसा? तुम्ही दोघी करा.”

“तू खाली ये ना गं. सगळं गाणंच खालच्या पट्टीत घेऊ.”

“आणि तू? तुझ्या जागेवर मी आले तर तू कुठे जाशील?”

“मी अजून खाली सरकते. जागा आहे तिथे. माझाही उतरलाय आवाज, कुणाला बोलले नाही इतकंच.”

“गाणं म्हातारं वाटेल.”

“मग आपण काय सोळा वर्षांच्या आहोत?”

समिधा हसली, मग रडली. कुलसुमने ओढणीच्या टोकाने तिचे डोळे पुसले आणि हात धरून तिला आत आणलं.

गाणी खाली उतरली, संथ झाली. पण एका गाण्यात नवीच अडचण आली. त्यातली एक ओळ आता इतकी खोल गेली की समिधाचा सूर तिथे पोचेना. तिने माईक सरळ कुलसुमकडे वळवला. इतक्या वर्षांत कुलसुमने ‘डुम डुम’खेरीज एक शब्द गायला नव्हता. तिने डोळे मिटले आणि मुग्धाने रचलेली ओळ म्हटली, ‘घरी आलास की दिवा मी लावीन’. काचेपलीकडे तनयाने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. मग हळूच म्हणाली, “मावशी, वन मोर टाइम. फॉर मी.”

अल्बम ऑनलाइन आला. फार नाही, पण लोकांनी ऐकला. मस्कतहून, पुण्याहून मेसेज आले. आयुष्यभर गॅरेजच्या गोंगाटात राहून यूनुसचे कान गेलेत, वरच्या पट्टीतले बारीक आवाज त्याला पोचत नाहीत. कुलसुमने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि ती समोर मासळी साफ करत बसली.

“समिधाताई गात नाहीत का यात?” त्याने विचारलं.

“गाते की, सगळ्यांत जास्त तीच गाते.”

“असेल. मला तर तूच ऐकायला येतेस.” त्याने डोळे मिटले. “लाव परत पहिल्यापासून.”

तिने हात धुतले आणि परत लावलं. नंतर समिधाला फोन करून हे सांगितलं, तेव्हा समिधा तिकडे इतकी हसली की तिला ठसका लागला.