बोल, पडतंय

समोरचा माणूस बोलायला लागला की ती फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून पुढे करायची. देवळात तीर्थासाठी हात पुढे करतात ना, तसा. फक्त फोनची खालची कड मोकळी ठेवायची, कारण आवाज तिथून आत जातो. मग म्हणायची, "बोल, पडतंय."

पडायची ती अक्षरं. आपण बोलत राहायचं आणि तिच्या फोनच्या काचेवर शब्द उमटत जायचे. एका तापानंतर तिचं ऐकणं गेलं, त्यामागोमाग शाळेतलं शिकवणं सुटलं. पन्नाशीला आल्यावर ती ग्रंथपाल व्हायला निघाली. चेन्नईत, मैलापूरमधल्या आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या संध्याकाळच्या वर्गात बाकी सगळे पंचविशीच्या आतले. ती सगळ्यांची अक्का.

अक्का तंजावरकडच्या मराठी घरातली. मी चेन्नईजवळच्या आवडी गावातली. माझे वडील महाराष्ट्रातून तिथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि कामगार संघटनेत रमले. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून. हे कळल्यापासून अक्कानं मला नावानं हाक मारणं सोडलं.

"काय ग पत्रक, आज मोर्चा कुणावर?"

संपर्काची नवी साधनं हा विषय शिकवणारे सर अर्धं वाक्य मिशीत बोलायचे. अक्का पहिल्या दिवशी उठली आणि आपला फोन त्यांच्या टेबलावर, अगदी हनुवटीखाली ठेवून आली. सर बिचकले. मग आपले शब्द कुठेतरी लिहिले जाताहेत या धाकानं वाक्यं पुरी करायला लागले. तो विषय आम्हा सगळ्यांना कळला तो त्यामुळे.

एकदा मागच्या बाकावरून एकजण तमिळमध्ये म्हणाला, "बहिरी ग्रंथपाल म्हणजे बरंच की. वाचनालयात आपोआप शांतता!" अक्षरं पडली, अक्कानं वाचली आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. "शांतता तुम्ही पाळायची रे. माझ्या वाचनालयात कुणी कितीही ओरडा, माझी हरकत नाही!"

तुमच्याही लक्षात आलं असतं, तिचं हसू नेहमी थोडं उशिरा यायचं. अक्षरं पडायला वेळ लागतो. विनोद झाला की आम्ही तिच्यासाठी थांबायचो, मग सगळे मिळून हसायचो.

तो फोन तमिळ जाणायचा, इंग्रजी जाणायचा, माझी पुस्तकी मराठीही जाणायचा. अक्काच्या घरात मात्र तो स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथा पडलेला असे.

घरात दोघीच, अक्का आणि तिची आई. आजी घरची मराठी बोलायच्या. तंजावरची, जुन्या वळणाची, तमिळ हेल घेतलेली, मध्येच तमिळ शब्दांवर टेकून पुढे जाणारी. फोन मराठीवर ठेवला तर काचेवर भलतंच काही पडायचं, तमिळवर ठेवला तर त्याहून भलतं. आजींचा हात थरथरायचा, त्यामुळे लिहून दाखवणंही सरलेलं. जेवायची वेळ झाली की आजी ताटावर बोटं आपटायच्या. अक्काला तेही ऐकू यायचं नाही. तिला फक्त बोटं दिसायची.

मी भडकले. ज्या बोलीत बाजार नाही ती यंत्राला शिकवायला कुणी बसत नाही. एवढं साधं आहे हे, आणि एवढं निर्लज्ज. मी अक्काच्या फोनसमोर हे सगळं तावातावानं बोलले. तिनं शेवटपर्यंत वाचलं.

"फार लांब पडलं ग. आधी शीक, मग भांड."

एका दुपारी अक्का आत कॉफी गाळत होती. आजींनी मला झोपाळ्यावर जवळ बसवून घेतलं.

"तुझें बोलणें त्या पेटीला कळतें. माझें कळत नाहीं. मला तुझ्यासारखें शिकव की."

"आजी, शिकायचं तर पेटीनं शिकावं. तुम्ही कशाला?"

"पेटीला दम आहे ग. मला कुठें आहे?"

मी त्यांना वाक्य दिलं. त्या ते झोपाळ्याच्या लयीत घोकत राहिल्या. अक्का कॉफी घेऊन आली तेव्हा आजींनी फोन तिच्या हातात दिला आणि शाळेत कविता म्हणावी तसं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "बाळ, तू दमली आहेस. थोडं खाऊन घे."

सगळी अक्षरं बिनचूक पडली. अक्कानं वाचलं. परत वाचलं. आजींच्या चेहऱ्यावर पास झाल्याचा आनंद होता.

"सरि, अम्मा, खाते," अक्का म्हणाली आणि बसून मुकाट्यानं खाल्लं.

मला बसस्टॉपवर सोडायला आली तेव्हा बोलली. "आईनं मला जन्मात कधी बाळ म्हटलं नाही. ती मला कुट्टी म्हणते. आज काचेवर कुणाची आई बोलली, पत्रक?"

उत्तर तिनंच काढलं. सरांनी वर्गात सांगितलं होतं, की बोललेला आवाज आणि त्याखाली त्याची बरोबर अक्षरं, अशा जोड्या भरपूर दिल्या तर यंत्र नवी बोली शिकतं. अक्कानं तोच प्रकल्प घेतला. सर चाचरत म्हणाले, "पण तुम्हाला ऐकू न येता लिहिणार कसं?" ती म्हणाली, "आई आहे की."

त्या दोघींचं काम मी पाहिलं आहे. आजी एक वाक्य बोलायच्या, फोन ते साठवून घ्यायचा. अक्का त्यांच्या बोळक्या तोंडाकडे टक लावून पाहायची, अंदाजानं ते वाक्य मोठ्यानं म्हणायची. बरोबर असलं तर आजी मान हलवायच्या. चुकलं तर अक्काच्या गुडघ्यावर चापट.

"मीठ संपलं?"

चापट.

"मामा आला?"

चापट, आणि आजींना हसू आवरेना. मीठ नव्हे, मामा नव्हे, मांजर. मांजरानं दूध सांडलं होतं. एका मांजरापायी दुपार गेली. पण ताप आल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. अक्काचा गुडघा लाल व्हायचा आणि ती तो मला कौतुकानं दाखवायची. "बघ, आईनं मला किती शिव्या दिल्या!"

आपण वर्गात असतानाही आईला बोलता यावं म्हणून तिनं एक जुना फोन आजींना दिला आणि लाल बटण दाबायला शिकवलं. संध्याकाळी घरी आल्यावर आजी तेच परत बोलणार, अक्का ओळखणार, मान हलणार किंवा चापट बसणार, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी अक्का वर्गातून घरी पोचली तेव्हा आजी झोपाळ्यावर एका अंगाला कलंडलेल्या होत्या. फोन मांडीवर होता. त्यांनी बटण दाबलं होतं. बोलून झालं होतं. परत बोलायला त्या नव्हत्या.

अक्का त्यानंतर वर्गात आली नाही. कुणी विनोद केला की आम्ही सवयीनं थांबतो. मग कुणालाच हसू येत नाही.

मी तिला शेवटचं भेटले ते त्या झोपाळ्याजवळ. आजींचा फोन तिनं पाटावर ठेवून चालू केला होता. आपला फोन ओंजळीत धरून ती त्याच्यासमोर वाकली होती.

"बोल अम्मा, पडतंय."

काच कोरी होती. तळाशी तीन ठिपके हलत होते, ऐकत असल्यासारखे.

"पेटीला अजून आपली बोली येत नाही, मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू ऐक. तंजावरहून मामा आले, त्यांनी ऐकलं, पण मला काही सांगेनात. नुसते रडतात. काय म्हणते आई?"

मी कान लावला. आत सगळं घुसमटलेलं होतं. उशीखालून कुणी बोलावं तसं. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती, फोनवर कातडी घासत होती, आणि आजी बोलत होत्या, खूप वेळ, न थांबता. मी परत लावलं. परत. एकच शब्द सुटा आला. तो मी कागदावर लिहून तिच्यापुढे धरला: कुट्टी.

तिनं वाचला. डोळे वर केले.

"पुढे?"

काय करणार होते मी? पाटावरचा फोन उचलला, दोन्ही हातांची ओंजळ केली, तीर्थ घेताना करतात तशी, आणि त्यात तो घट्ट धरला. खालची कड तळव्यांनी पार झाकून गेली. आजींनी तो कसा धरला असेल ते मी तिला दाखवलं.

ती माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग स्वतःच्या हातांकडे, त्यांतल्या फोनच्या मोकळ्या कडेकडे.

"माझंच बघून शिकली की ग," ती म्हणाली.

माझ्या ओंजळीत आजी अजून बोलत होत्या. फोनच्या थरथरीतून ते माझ्या तळव्यांना कळत होतं. तिनं आपला फोन पाटावर ठेवला. मी तिचे हात ओढून माझ्या हातांखाली घेतले, म्हणजे तिलाही कळेल.