परत घेतलेल्या गोळ्या

जव्हार संस्थान विलीन झालं आणि पुढच्या काही वर्षांत आम्हा शिक्षकांच्या बदल्या कुठेकुठे होऊ लागल्या. मी जव्हारात वाढलेली, तिथंच शिकवत होते. मला खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर पाठवलं. शाळेत दोनच शिक्षक, हेडमास्तर आणि मी.

एका श्रावणात शाळेला दुधाच्या पावडरीचे डबे आले. पाड्यावर गाई होत्या, पण त्यांचं दूध काढून प्यायची रीत नव्हती. तिसरीतल्या एका मुलीची आई मला सांगायला आली, "दूध वासराचं, बाई. आमी नाय पीत." मी तिला आरोग्यावर बरंच ऐकवलं. तिनं ते निमूट ऐकून घेतलं आणि मुलीला पेला घेऊन पाठवू लागली.

पाणी उकळून घ्यायचं, हे मला ठाऊक होतं आणि रोज मी ते करत होते. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार त्या दिवशी मात्र लाकडं भिजलेली, चूल काही पेटेना. मी ओहोळाचं पाणी फडक्यातून गाळलं आणि सकाळीच पातेलंभर दूध कालवून ठेवलं. मुलं दूध पिताना साहेबांना दिसली पाहिजेत, अशी हेडमास्तरांची ताकीद होती. साहेबांची जीप चिखलात रुतली. ते आले तेव्हा दुपार टळून गेली होती. झाकण काढताच मला वास आला. हे ओतून टाकू या, असं मी हळूच म्हटलं, तर साहेबांना रिकामं पातेलं दाखवायचं का, असं हेडमास्तरांनी विचारलं. मी पेले भरले. तिसरीतल्या त्या मुलीनं एक घोट घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"पी," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा होता. पोरांना रक्ताची हगवण लागली होती. मी मोखाड्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की बरं वाटलं तरी प्रत्येकाला पाचही दिवस द्यायच्या. पण गोळ्या निम्म्या आजारी मुलांपुरत्याच होत्या. मग मी माझी अक्कल चालवली. ज्याचे जुलाब थांबतील त्याच्या उरलेल्या गोळ्या परत घ्यायच्या आणि दुसऱ्याला द्यायच्या. ती मुलगी दोन दिवसांत उठून बसली. तिच्या आईनं उरलेल्या गोळ्यांची पुडी माझ्या हातात ठेवली, तेव्हा आपण किती काटकसरीनं सगळं निभावलं, याचा मला अभिमान वाटला होता.

आठवड्याभरात तिला पुन्हा रक्त पडू लागलं. तोवर दवाखान्यात नव्या गोळ्या आल्या होत्या. या वेळी मी त्या स्वतः मोजून पाचही दिवस दिल्या. काही उपयोग झाला नाही. डोलीत घालून तिला मोखाड्याला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पहिल्या वेळी गोळ्या किती दिवस दिल्या होत्या. मी खरं ते सांगितलं.

"अर्धवट मारलेला जंतू पुढं औषधाला जुमानत नाही, बाई," ते म्हणाले. "इथं तसंच झालं असावं."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

चौकशीचा कागद आला. त्यात पालकांच्या अस्वच्छ सवयींमुळे साथ पसरली, असं आधीच लिहिलेलं होतं. ओहोळाचं पाणी, दुपारपर्यंत ठेवलेलं पातेलं, गोळ्या, यांतलं एक अक्षर नव्हतं. हेडमास्तरांनी सही केली, त्यांच्याखाली मी केली. पुढच्या महिन्यात नवे डबे आले.

तिची आई एकदाच शाळेत आली. पायरीवर टेकली आणि म्हणाली, "बाई, त्या गोळ्या तुमाला परत दिल्या नसत्या, तर पोर राहिली असती का?"

"तसं काही नसतं," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. मी शिकलेली होते, म्हणून तिनं ते खरं मानलं, आणि उठून शेताकडे गेली.