उस्मानभाईंचा सातवा नियम

उस्मानभाई खरादी गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता दिली. "तुमचे दोस्त गेले ना मास्तर. काल दुपारी मातीही झाली," तो म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे वळला. मी दोन दिवस बाहेरगावी राहून रिसोडला परतत होतो. गावाच्या लेखी आम्ही अजून दोस्तच होतो. गेली चार वर्षं मी त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार... पुढे आठवड्याभराने शाळेत शोकसभा झाली. ज्यांनी त्यांच्याकडून फुकटात पोळपाट-लाटणी नेली त्यांनी त्यांच्या दिलदारपणावर भाषणं केली. माझी पाळी आली तेव्हा मीही पाच मिनिटं गोड गोड बोललो. जे तिथे गिळलं ते इथे लिहितो आहे.

आमची खरी ओळख झाली ती दुष्काळाच्या उन्हाळ्यात. मी इतिहास शिकवायचो. अर्धा वर्ग आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेला, उरलेली पोरं पाटीकडे बघत भूक विसरायचा प्रयत्न करायची. त्यांना गुंतवण्यासाठी मी एक खेळ रचला. सहाशे वर्षांपूर्वीचं एक गाव, प्रत्येक खेळाडू म्हणजे त्यातलं एक घर. मांजरपाटाच्या फडक्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखले. कवड्या टाकायच्या, पुढे सरकायचं, वाटेत पाऊस, चोर, रोगराई, काय नशिबात येईल ते. चिंचोके म्हणजे धान्य, आणि दर महिन्याला घराने मूठभर चिंचोके खायचे. बाराव्या महिन्याला जे घर शिल्लक ते जिंकलं. खेळाचं नावही 'बारा महिने'. लाकडी घरं करून घ्यायला मी उस्मानभाईंकडे गेलो. ते खरादावर लाकूड फिरवून बाजेचे पाय घडवत होते. भुश्शाने भुवया पांढऱ्या झालेल्या. फडकं त्यांनी गुडघ्यावर पसरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, गाव तं मांडलं तुमी. पन इतल्या घराईत एक कुत्रं नाई, बकरी नाई, बैल नाई. हे गाव हाय का मसनवटा?"

मला ती सूचना पटली, पण माझ्या पद्धतीने. मी लगेच कागद काढून लिहायला बसलो. बैल असला तर विहिरीचं पाणी लवकर, कुत्रा असला तर चोर टळतो, बकरी असली तर धान्य संपलं तरी एक महिना दुधावर निघतो. आणि अडचण आली की जनावर द्यायचं, दोन मुठी चिंचोके घ्यायचे. उस्मानभाईंनी कागद वाचला आणि खरादाचा पट्टाच थांबवला. "जनावर काय पोत्यातला दाना हाय, घेतला न् देला? पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमी लोक काय करता?" आमच्याकडे काय करतात हे मला मुसलमान माणसाने विचारावं याची गंमत वाटली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मी सांगितलं. "मंग?" ते म्हणाले. "ज्याले आवतन देलं तो पाहुना झाला. खेळातबी जनावराले आवतन द्या. नाव घेऊन द्या. एक महिना आंधी द्या, गरज पडल्यावर नाई." असे पाच नियमांचे सहा झाले, आणि मुलांना तो नियम इतका आवडला की कवडीएवढ्या लाकडी बकरीच्या कानाशी तोंड नेऊन पोरी खरंच आवतन द्यायला लागल्या.

आता चांद्याचं सांगतो. त्याच वर्षी, खेळ रचायच्या आधी, थंडी सरता सरता किन्हीराजाला, आमच्या घरी, कडबा संपला. माझे थोरले भाऊ शेती बघायचे. चांद्या आमचा म्हातारा बैल, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांद्या. भावाच्याने होईना म्हणून त्याला दुष्काळी चारा-छावणीत सोडून यायचं काम मी अंगावर घेतलं. शिकलेला होतो, माझं काळीज घट्ट असावं अशी सगळ्यांची समजूत होती आणि माझीही. छावणी दूर नव्हती. एका दिवसाची चाल. पण मला दुसऱ्या दिवशी शाळेत हजर व्हायचं होतं... हे कारण आज लिहितानाही किती फालतू वाटतं. मी त्याला आसेगावच्या वाटेवर माळात नेलं, दावं सोडलं आणि पाठ फिरवली. तो माझ्यामागे यायला लागला. मी ढेकूळ उचलून मारलं. दुसरं मारलं तेव्हा तो थांबला. हे मी घरात सांगितलं नाही, भावाला म्हणालो छावणीत पोचवला. उस्मानभाईंना मात्र एका दुपारी चहा पिताना सगळं सांगून बसलो. त्यांनी एकच विचारलं, "पोळ्याले आवतन देलं होतं का त्याले?"

"दिलं होतं," मी म्हणालो. "मीच दिलं होतं."

चार-पाच दिवसांनी त्यांनी सातवा नियम सांगितला. आवतन दिलेलं जनावर कोणी हाकलून दिलं तर जनावराच्या वाट्याचं धान्य त्या खेळाडूला मिळेल, तो जगेल, जिंकूही शकेल. पण खेळ संपल्यावर त्याने सगळ्यांसमोर उभं राहून त्या जनावराचं नाव घ्यायचं. बस, एवढंच. दंड नाही, शिक्षा नाही. मी म्हणालो, "उस्मानभाई, हा काय नियम झाला? याने खेळात काही फरक पडत नाही." ते म्हणाले, "खेळात नाई पडत."

त्या आठवड्यात मी मुलांबरोबर खेळलो. नवव्या महिन्यात चिंचोके संपत आले आणि मी बैल हाकलला. सवयीनेच म्हणा. जिंकलो. उस्मानभाईंची मुलगी शकीला माझ्याच वर्गात होती. ती टाळ्या वाजवत ओरडली, "मास्तर, उभे राहा, नाव घ्या!" मी उभा राहिलो. खेळातल्या बैलाचं नाव मी मुद्दाम राजा ठेवलं होतं. ते घेतलं आणि बसलो. दारात उस्मानभाई घरांच्या आणखी सोंगट्या घेऊन आले होते, त्यांनी मान खाली घातली. मी त्या माणसावर त्या दिवसापासून चिडलो. इतक्या साध्या, निर्मळ माणसावर चिडायला फार कोतं मन लागतं, आणि ते माझ्याकडे होतं.

दोन वर्षांनी शहरातल्या एका खेळणी छापणाऱ्या कंपनीला मी 'बारा महिने' पाठवला. त्यांना आवडला. फक्त त्यांनी लिहिलं की सात नियम एका पानात मावत नाहीत, एखादा कमी करून पाठवा. कोणता, ते लिहिलं नव्हतं. पुढे मी ज्याला त्याला सांगत आलो की कंपनीने सातवा नियम नाकारला. हे खोटं आहे. कंपनीला त्याचा पत्ताही नव्हता. तो मी काढला, एका रेघेत, आणि त्या जागी बैल देऊन दोन मुठी धान्य घेण्याची माझी जुनी ओळ सहाव्या नियमाच्या शेवटी जोडून दिली. खोक्यावर नाव दोघांचं छापलं. तेवढ्यात मी कंजूषपणा केला नाही!

छापील खोकं घेऊन गेलो तेव्हा ते पाळण्याच्या दांड्या घडवत होते. "ठेवा मास्तर, हात भरेल हायेत," ते हसून म्हणाले. मी खोकं फळीवर ठेवलं आणि शाळेची वेळ झाल्याचं सांगून निघालो. त्यांनी ते उघडून वाचलं असणार, आणि वाचून त्यांना काय वाटलं असणार, हे मनात धरून मी धान्यबाजाराच्या मागच्या रस्त्याने शाळेत जायला लागलो. दोन-तीनदा रस्त्यात गाठ पडली. "या ना मास्तर एक दिवस. काहून येत नाई?" एवढंच म्हणायचे. मला त्यात टोमणा ऐकू यायचा. मी म्हणायचो परीक्षा आहेत, तपासणी आहे... चार वर्षं माझ्या परीक्षा संपल्या नाहीत.

चाळिसाव्याच्या जेवणाला त्यांच्या पत्नी रझियाभाभींनी निरोप धाडला म्हणून गेलो. जेवणं झाल्यावर त्यांनी दुकान उघडलं आणि फळीवरून खोकं खाली घेतलं. कंपनीचा दोरा जसाच्या तसा, त्याची गाठही सुटलेली नव्हती. भाभी म्हणाल्या, "त्याईनं कोनाले हात नाई लावू देला. शकीलालेबी नाई. म्हनत, मास्तर आल्यावर मिळून उघडू. आज तुमी आले. वाचून दाखवा सगळ्याईले. त्याईचे नियम हायेत ना?"

सगळे पाहुणे सतरंजीवर सरकून बसले. मी दोरा तोडला, कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला लागलो. पहिला, दुसरा, तिसरा. सहाव्यातली शेवटची ओळ मी गाळली. मग कागदावरची नजर न हलवता, जणू पुढे छापलेलंच आहे अशा आवाजात, सातवा नियम त्यांच्या शब्दांत म्हणालो. आवतन दिलेलं जनावर कोणी हाकलून दिलं तर खेळ संपल्यावर त्याने सगळ्यांसमोर उभं राहून त्याचं नाव घ्यावं. कोपऱ्यातले एक म्हातारे चाचा "वा" म्हणाले. भाभींनी पदर डोळ्यांना लावला.

शकीला माझ्या शेजारी बसली होती. तिला वाचायला मीच शिकवलं. तिने कागदावर बोट फिरवलं, एकदा खालपर्यंत, मग पुन्हा एकदा, आणि हळूच म्हणाली, "मास्तर... हे तं इथं लिहेल नाई."