भेटीच्या खोक्यातला वास

व्यायाम करणाऱ्या माणसांचा ताईंना मनापासून तिटकारा होता, आणि अशाच माणसांसाठी भेटवस्तू निवडून द्यायचं काम अख्ख्या बाजारपेठेत त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं.

व्यायामाच्या सामानाच्या दुकानात त्या काउंटरवर उभ्या असायच्या. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की मालक एका कोपऱ्यात चकचकीत कागद, फिती आणि रिकामी खोकी आणून टाकायचे, आणि तो कोपरा ताईंचा व्हायचा. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "ताई आहेत ना?"

"नवऱ्यासाठी वजनकाटा घेऊ का हो?" एखादी नवी नवरी विचारायची.

"घ्या की. सोबत एक चांगला वकीलही बघून ठेवा."

मग त्या तिला उड्या मारायची दोरी दाखवायच्या. प्रोटीन पावडर घोळायची बाटली घ्यायला आलेल्याला आधी झाकण उघडून दाखवायच्या. "हे कोपरे बघा. जितके कोपरे, तितकी पावडरीला कुजायला जागा. साधं झाकण घ्या, नाहीतर महिन्याभरात घरात उंदीर मेल्यासारखा वास येईल." लोक हसायचे. ताई हसत नसत. त्यांनी तसला वास घेतला होता.

त्यांचं नाक फार तिखट होतं. घरी नवरा त्यांना 'नाकवाली' म्हणायचा. तो पंखे दुरुस्त करायचा, आणि व्यायाम म्हणजे शिडी चढणं यापुढे त्याची मजल नव्हती. ताईंना तो आवडायचा, त्याचं अर्धं कारण हेच होतं. दुकानात येणारे बहुतेक जण थेट व्यायामशाळेतून यायचे. ओले दंड काचेवर टेकवायचे. शर्ट वर करून पोटावर पट्टा घालून बघायचे आणि तो तसाच, ओला, हुकाला लटकवून जायचे. एकाने तर हातमोजे दातांनी ओढून काढले आणि "बसत नाहीत" म्हणून ताईंच्या हातात दिले. ताईंनी ते दोन बोटांत धरून मागे नेले, आणि त्या दिवशी दुपारचा डबा तसाच परत घरी गेला.

हे सगळं त्या सोसत होत्या ते एका आशेवर. नदीपलीकडे मालक दुसरं दुकान काढणार होते. "ते तुम्हीच बघायचं, ताई. किल्ल्या तुमच्या, खुर्ची तुमची. फक्त ही सुट्टीची विक्री नीट पार पाडा." ताईंनी मनात ते दुकान मांडूनही ठेवलं होतं. दारातच एक बेसिन, वर साबण, आणि मोठ्या अक्षरांत पाटी: हात धुऊन मालाला हात लावा.

"पाटी वाचून एकही पैलवान आत येणार नाही," नवरा म्हणाला होता.

"नको येऊ देत. त्यांच्या बायका येतील."

सुट्ट्यांच्या तोंडावर एक दिवस मालकांनी मागच्या खोलीतून एक गोणी ओढत आणली आणि ताईंच्या पायाशी तिचं तोंड सोडलं. वर्षभरात लोकांनी परत केलेले हातमोजे, मनगटाच्या पट्ट्या, गुडघ्यावर चढवायचे जाड रबरी मोजे. 'बसत नाही', 'रंग आवडला नाही' असं सांगून परत दिलेले, पण चांगले घामात भिजवून झाल्यावर दिलेले. वास असा उसळला की ताई दोन पावलं मागे सरल्या.

"नीट धुवा, वाळवा आणि भेटीच्या खोक्यांत भरा," मालक म्हणाले.

"मालक, हे वापरलेलं आहे."

"दोनदा घातलं म्हणजे वापरलं होय? अहो, भेट म्हणून जातंय. भेट कुणी परत करायला येतं का?"

ताईंना यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण नदीपलीकडचं बेसिन डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी गोणी उचलली.

मागच्या मोरीत त्यांनी ते सगळं धुतलं. पहिल्या पाण्याला करडा रंग आला, दुसऱ्याला पिवळट. एका मोज्याच्या अंगठ्यात कुणाची तरी सोललेली कातडी चिकटली होती. ती त्यांनी नखाने खरवडून काढली. शेवटी फुलांच्या वासाचं औषध घातलेल्या पाण्यात सगळं बुडवलं. वाळल्यावर मालकांनी एक मोजा नाकाला लावला आणि खूश झाले. "बाग आहे, बाग!"

ताईंनी तोच मोजा घेतला, चष्म्याची काच पुसताना सोडतो तसा त्यात तोंडाने 'हाऽ' करून गरम श्वास सोडला आणि मालकांपुढे धरला. "आता घ्या."

असल्या मालाची खोड हीच असते. रबर आणि कृत्रिम धागा अंगाचं तेल आत धरून ठेवतात. थंड असताना निमूट असतात, जरा ऊब लागली की पुन्हा तोंड उघडतात. पण मालकांना बारमाही सर्दी होती. त्यांनी हुंगलं, खांदे उडवले. "काही नाही. तुमच्या नाकाचे फार लाड झालेत."

ताईंनी एवढंच केलं की ती खोकी खालच्या फळीवर वेगळी ठेवली. नवी वर, धुतलेली खाली. गिऱ्हाईक आलं की हात आपोआप वर जायचा. दोन दिवसांत मालकांच्या हे लक्षात आलं.

"खालची हलत का नाहीत?"

"वरची आधी संपू देत म्हटलं."

"वेगळी ठेवली की तुमचा हात अडखळतो," असं म्हणून मालकांनी स्वतः दोन्ही फळ्या रिकाम्या केल्या, खोक्यांचा ढीग केला, पत्ते पिसावेत तसा पिसला आणि पुन्हा रचला. सगळ्या खोक्यांना तोच कागद, तीच फीत. "आता द्या डोळे मिटून!"

ताई डोळे मिटून देऊ लागल्या. लोक "तुम्ही निवडलंय म्हणजे प्रश्नच नाही" म्हणत घेऊन जायचे, आणि दर वेळी त्यांना तो करड्या पाण्याचा टब दिसायचा. घरी कितीही वेळा हात धुतले तरी बोटांना वास आहे असंच वाटायचं. नवऱ्याने हुंगून पाहिलं. "साबणाचा आहे."

"त्याच्या खाली."

"खाली तूच आहेस की," तो हसत म्हणाला. त्याच्या या बोलण्यानं ताईंना रात्रभर झोप लागली नाही.

सुट्टीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत एक आजोबा काठी सावरत ताईंपर्यंत पोचले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. नात वजनं उचलायची, तिच्यासाठी हातमोजे हवे होते.

"हात कसे आहेत तिचे?" ताईंनी सवयीने विचारलं.

"सोलवटून घेते हो नुसते. तळव्याला फोड, फोडावर फोड. आई ओरडते. मला मात्र ती येऊन हात दाखवते, आजोबा बघा म्हणून."

ताईंनी तिच्या मापाचं खोकं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. नेमके तेव्हाच मालक मागून येऊन कानाशी कुजबुजले, "ताई, एक खोकं मला. मेहुण्यासाठी. नदीपलीकडची जागा त्याचीच आहे, आणि तोही रोज वजनं मारतो. नवं बघून द्या हं. धुतलेलं नको."

"मालक, तुम्हीच तर सगळी पिसलीत."

"मग तुमचं नाक कशाला आहे? शोधा. गुपचूप."

ताईंनी पहिलं खोकं उघडलं, मोज्यात 'हाऽ' केलं आणि हुंगलं. आंबट. दुसरं उघडलं. त्यातून कुणाच्या तरी काखेचा भपका आला. रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली.

"ताई, चव कशी आहे?" कॅशवरचे दादा ओरडले, आणि हशा पिकला.

तिसऱ्यात फुलांचा वास, आणि त्यामागून तोच. ज्याची जागा भाड्याने हवी त्याला नवं, आणि बाकीच्यांना? त्यांनी मान वर केली. आजोबा खोकं छातीशी धरून दाराकडे निघाले होते. त्या मोज्यांत फोडांचे तळवे जाणार होते.

"आजोबा, थांबा!" ताई काउंटरमागून बाहेर आल्या, त्यांच्या हातातलं खोकं घेतलं, फीत तोडली, मोज्यात श्वास सोडला आणि तोंड वळवलं.

"काय झालं गं, पोरी?"

"हा कुणीतरी घातलेला आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोचला. "यातले बरेच तसे आहेत. मीच धुतलेत. मालकांना मेहुण्यासाठी नवा हवाय म्हणून आता हुंगून शोधतेय."

मालकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "ताई! डोकं ठिकाणावर आहे का? नदीपलीकडचं विसरा तुम्ही आता!"

"विसरले," ताई म्हणाल्या, आणि पुढचं खोकं उघडलं. तेही तसंच. त्याच्या पुढच्यात मात्र नुसता कोऱ्या रबराचा आणि गोंदाचा वास आला. त्यांनी पुन्हा श्वास सोडून पाहिला. गोंदच. माप नातीचं होतं, आणि मेहुण्याच्या हातालाही चाललं असतं. त्यांनी नवी फीत बांधली आणि खोकं आजोबांना दिलं.

मग त्यांनी गळ्यातला दुकानाचा बिल्ला काढून काउंटरवर ठेवला आणि हात धुवायला मागे गेल्या. दोनदा साबण लावला. परत आल्या तेव्हा पिशव्या घेतलेले लोक कॅशपाशी दाटीने उभे होते. आपापली खोकी फोडून मोज्यांत 'हाऽ हाऽ' करत होते, तोंडं वेडीवाकडी करत होते. मालक उरलेल्या ढिगाजवळ एकटेच उभे होते. एक मोजा नाकाला, दुसरा हातात. श्वास सोडत होते, हुंगत होते आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"मालक," दादा म्हणाले, "येतोय का वास?"

ताई थांबल्या नाहीत. रस्त्यावर आल्यावर त्यांनी बोटं नाकाशी नेली, आणि साबणाखाली काय आहे ते पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. वास अजून होता. पण त्यांनी पाऊल उचललं, ते थेट घराच्या दिशेने.