नेहरू प्लेसच्या उन्हात लॅपटॉप

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही द्वारकेहून निघालो, तेव्हा माझा निर्णय जवळजवळ झालेला होता: गेमिंग लॅपटॉप. मानेसरच्या कारखान्यात मी इंजिने थंड राखण्याचे काम करते, एम.टेक.चा प्रबंध मात्र पुण्यात अर्धवट राहिला होता. महिनाअखेर तो सादर झाला नाही, तर पदवी हातची जाणार होती. हवेच्या प्रवाहांच्या उरलेल्या आकडेमोडीला दमदार ग्राफिक्स कार्ड हवे होते आणि मला परवडणारे तसे कार्ड खेळांच्या संगणकांतच मिळत होते.

सोबत मुजावरकाका होते, माझे घरमालक. मूळचे सांगलीचे, पण अर्धे आयुष्य दिल्लीत गेलेले.

"लॅपटॉपच घे, बिल्कुल," मेट्रोत ते म्हणाले. "उद्या बदली झाली की उचललास आणि चाललीस."

"आणि डेस्कटॉप घेतला तर?"

"मग तो मला उचलावा लागेल. माझी कंबर बघ आणि ठरव."

नेहरू प्लेसच्या चौकात लू (उन्हाळ्यातले तापलेले वारे) वाहत होती. गाडीवर छोले-कुलचे खाऊन आम्ही पहिल्या मजल्यावरच्या एका दुकानात शिरलो. आत एसीचा हिमालय होता. लॅपटॉपने माझे नमुन्याचे गणित झरझर सोडवले. पैसे काढता काढता मी थांबले. माझी खोली गच्चीखाली. इथल्या गारव्यात घेतलेली चाचणी तिथे काय कामाची?

"भाईसाहब, इसे बाहर गलियारे में चलाकर देखना है."

"मैडम, बाहर गया माल लौटता नहीं."

काकांनी स्टूल पुढे ओढले. "हम बैठे हैं ना यहाँ. लॅपटॉप नहीं लौटा तो हमें रख लेना."

"अंकलजी, इतने पुराने मॉडल का हम क्या करेंगे?" दुकानदार म्हणाला, पण लांब वायरचा बोर्ड त्यानेच काढून दिला.

मी गलियाऱ्यात (दुकानांपुढच्या ओसरीत) बसले. पडद्यावरचे लाल-निळे प्रवाह पाहायला चार जण जमले.

"दीदी, कौन-सा गेम है?"

"हवा का."

"लेवल?"

"आख़िरी."

थोड्याच वेळात लॅपटॉपचा पंखा किंचाळू लागला आणि वेग निम्म्यावर आला. मग सुटे भाग निवडून मी डेस्कटॉप जुळवून घेतला. भलेमोठे पंखे असलेला तो डबा गलियाऱ्यातल्या त्याच उकाड्यात शांतपणे चालत राहिला. दुकानदाराने कुरकुर न करता दोन्ही चाचण्या होऊ दिल्या, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

परतताना टॅक्सीत काका मॉनिटर मांडीवर घेऊन बसले होते. "कंबरेचं विसरलीस तू," एवढेच म्हणाले.

घरी काकूंनी हॉलमधले आपले शिलाई मशीन हलवून ठेवले होते. "तुझी खोली म्हणजे तवा. इथेच मांड. इन्व्हर्टरचं बटण इथं आहे."

संध्याकाळी वीज गेली. इन्व्हर्टरला संगणक आणि पंखा दोन्हींचा भार पेलेना. तो टीं-टीं करू लागला. मी संगणक बंद करायला उठले, तोवर काकूंनी पंखा बंद केला होता.

"राहू दे त्याला चालू. आम्ही बाल्कनीत बसतो," त्या म्हणाल्या. काका वर्तमानपत्राने वारा घेत त्यांच्यामागे गेले. डेस्कटॉपला आधी एक घर लागते, हे मी कोणत्याच तुलनेत धरले नव्हते.

प्रबंध मुदतीत पूर्ण झाला. आभाराच्या पानावर पहिली नावे मुजावर दांपत्याची पाहून मार्गदर्शकांनी फोन केला, "हे दोघे कोणत्या प्रयोगशाळेतले?"

मी त्यांना द्वारकेचा पत्ता सांगितला.